गर्भिणी आणि 'प्रतिकारशक्ती'चा मोह

२०२० नंतर आपल्या व्यवसायात एक शब्द फारच सवंग झाला, तो म्हणजे 'प्रतिकारशक्तिवर्धक'. औषधालयाच्या फळीवरून तो आता गर्भिणीच्या पिशवीतही जाऊन बसला आहे. ओज म्हणजे प्रतिकारशक्ती आणि ती जितकी वाढेल तितकी बरी, असे सोपे समीकरण त्यामागे असते. गर्भिणीच्या बाबतीत तरी ते सोडून द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गर्भाचा अर्धा वारसा पित्याचा, म्हणजे मातेच्या शरीरास परका. तरीही तो सांभाळला जातो, कारण तिची प्रतिकारयंत्रणा त्याच्यापुरता संयम पाळते. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीच्या अनेक अकालप्रसवांत हा संयम सुटलेला असतो. योनिमार्गातून जंतू वर चढतात, गर्भावरणाशी श्वेतपेशी जमतात, इंटरल्युकिन व प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये वाढतात. त्यांनी गर्भाशयमुख मृदू होते, आवरण दुर्बल होते आणि कळा सुरू होतात. प्रसव ओढवून घेते ती शरीराची प्रतिक्रियाच. मग वाढवावयाचे ते काय? आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते असे चरक सांगतात. अल्प असते असे नव्हे.

आम्हीही चुकलो आहोत. एकतिसाव्या आठवड्यातील एक गर्भिणी कटिशूल घेऊन आली. वातप्रकोप गृहीत धरून आम्ही बला तैल व विश्रांती सांगितली. शूल थांबून थांबून येतो, असे ती म्हणाली होती; आम्ही ते कानाआड केले. मूत्रपरीक्षाही करविली नाही. दुसऱ्या दिवशी पाणमोट फुटली. रुग्णालयात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आढळला. बालक वाचले, परंतु तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिले.

गेलेल्या त्या रात्रीचे मोल मोठे होते. २४ ते ३४ आठवड्यांत अकालप्रसवाची चिन्हे दिसताच डेक्सामेथासोनच्या ६ मि.ग्रॅ.च्या चार मात्रा बारा-बारा तासांनी दिल्यास गर्भाच्या फुप्फुसांस बळ मिळते. २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शनानुसार उपकेंद्रातील परिचारिकाही पुढे पाठविण्यापूर्वी पहिली मात्रा देऊ शकते. अशा वेळी आपण काढ्याचा गुण येण्याची वाट पाहत बसावे काय?

योनिपिचूविषयीही एक सांगणे आहे. तो नवव्या महिन्याचा विधी. पाणी झिरपत असता किंवा स्रावास दुर्गंध असता तो करणे म्हणजे जंतूंना वाट करून देणे होय.

औषधालयाच्या मालकांस विनंती, की सातव्या-आठव्या महिन्यातील कोणी कंबरदुखीचे औषध मागितल्यास बाटली काढण्याआधी एवढे विचारावे: पोट मधूनमधून कडक होते काय, पाणी जाते काय, ताप किंवा लघवीला जळजळ आहे काय? एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर औषध न देता तिला त्याच दिवशी प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे.