बर्फ थांबेल, येळवस थांबायची नाही

लातूरच्या आमच्या बैठकीत सध्या बर्फाशिवाय विषय नाही. पुतण्यांनी साऱ्या घराची हिवाळी सहल चीनमधल्या हार्बिनला आखली आहे. तिथे सोंगहुआ नदीतला बर्फ कापून वाडे-मनोरे रचतात. निघायचा दिवस मात्र नेमका येळवसेचा!

मी प्रवासाच्या विरुद्ध नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या गावाने प्यायले, तिथल्या मुलांनी गोठलेली नदी जरूर पाहावी. पण तो उत्सव ५ जानेवारीला सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालतो. आमची मार्गशीर्ष अमावास्या एकच दिवस! कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, शेतभर शिंपडलेली आंबील.

गतवर्षी त्या दिवशी सारी मंडळी मनालीला होती. आंबिलाचा बिंदगा घेऊन शेतावर गेलो आई आणि मी. तिने सवयीने अकरा पाने मांडली, जेवायला दोघेच!

"येळवस काय, पुढच्या वर्षीही येईल," असे पुतणे म्हणतात. येईल, पण पाने मांडणारी असेलच, याची हमी कोण देतो? बर्फ दोन महिने धीर धरतो, बाबांनो. तिकिटे दोन दिवस पुढे ढकला!