पेटीला हात लावला की मुंग्या येतात

मैत्रिणींनो, लोणच्या-पापडांची पत्रे या आठवड्यात जरा बाजूला ठेवते आणि कसाऱ्याहून आलेल्या एका भगिनीच्या पत्राला आधी उत्तर देते. पत्र चांगले चार पानी आहे, आणि थोडे रागाचेही. त्यांचे यजमान आयटीत आहेत. म्हणजे दिवसभर कुणाचा कॉम्प्युटर उघडत नाही, कुणाचा प्रिंटर रुसला, कुणी पासवर्ड विसरले, अशा तक्रारी निस्तरायच्या. आठवड्यातले तीन दिवस पहाटेची लोकल धरून ठाणे, तिथून गाडी बदलून ऐरोली. उरलेले दोन दिवस घरूनच काम. आणि रविवार उजाडला की दुर्बीण, कॅमेरा गळ्यात अडकवून तानसाच्या जंगलात पक्षी बघायला! "लोकांचे कॉम्प्युटर नीट करतात, पण घरचा अडला की हे कुठेतरी झाडाखाली बसलेले असतात, आणि फोनही लागत नाही," असे बाईंनी लिहिले आहे.

अहो, हे गाऱ्हाणे जुनेच आहे. पण पत्राच्या शेवटी सहज म्हणून एक वाक्य आले आहे: "पुसायला गेले तर पेटीला हात लागताच मुंग्या येतात. हे म्हणतात, थोडा करंट असतोच."

बाई, बाकी सगळे राहू द्या. हे आधी.

थोडा करंट असतोच, हे म्हणणे मला मान्य नाही. कॉम्प्युटरच्या पेटीत वीज पुरवणारा एक डबा असतो. त्यात विजेतला गाळ अडवायला एक गाळणी असते, आणि तिच्यातून किंचित वीज पेटीच्या पत्र्यावर येते. तिथून ती प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी अशी योजना असते. ती वाटच बंद असेल तर वीज पत्र्यावर राहते आणि तुमच्या हातातून वाट शोधते. त्याच या मुंग्या. एवढ्याने सहसा इजा होत नाही. पण उद्या आत एखादी वायर सोलवटून पत्र्याला टेकली, तर पुरी २३० व्होल्टची वीज त्या पत्र्यावर येईल आणि तिलाही जमिनीत जायला दुसरी वाट नसेल. कसाऱ्याचा पाऊस, ओलसर फरशी, अनवाणी पाय आणि हातात ओले फडके, ही तर आपल्या घरातली रोजची गोष्ट! शिवाय मुंग्या कॉम्प्युटरला आल्या म्हणून कळले. त्याच घरात गीझर आहे, वॉशिंग मशिन आहे, फ्रिज आहे. त्यांचेही अर्थिंग गेले असेल, फक्त ती बोलत नाहीत.

तेव्हा वायरमनला बोलवा, आणि तो येईल तेव्हा स्वतः समोर उभ्या राहा. जुन्या घरांत प्लगला तिसरे भोक दिसते, पण त्याच्या मागे तारच जोडलेली नसते. मीटर लावून तपासायला सांगा. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये साधारण २३० व्होल्ट दिसायला हवेत, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यामध्ये शून्याच्या आसपास. काही कारागीर झटपट काम म्हणून प्लगच्या आतच न्यूट्रलची तार अर्थिंगच्या भोकाला जोडून देतात. मीटर खूश होतो, पण पुढे न्यूट्रलची तार कुठे तुटली तर सगळी वीज पेटीवर येते. असे मुळीच करू देऊ नये. खोटे अर्थिंग नसलेल्या अर्थिंगपेक्षा वाईट. घराबाहेरचा अर्थिंगचा खड्डा कोळसा-मिठाचा असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे. आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. वीज चुकीच्या वाटेने जाऊ लागली की ते क्षणात पुरवठा तोडते. त्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचे. दाबल्यावर दिवे गेले नाहीत, तर ते आरसीसीबी नुसते शोभेचे समजा.

आता बाकीच्या तक्रारींकडे वळू. बाईंना वाटते की त्यांना यातले काही कळत नाही. पण यंत्राचे बरेचसे दुखणे ओल, धूळ, उंदीर आणि विजेचा लपंडाव यांतून येते, आणि या चौघांशी आपला सामना रोजचाच.

वळवाचा पाऊस आणि कडकडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग उपसून ठेवायचा. इंटरनेटची तांब्याची वायर येत असेल तर तीही. वीज त्या वाटेनेही आत येते. वीज जाण्याचे म्हणाल तर छोटा यूपीएस घेऊन ठेवावा. थळ घाट चढताना बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला जास्तीची इंजिने जोडतात ना, तसेच त्याचे काम. घाटापुरती सोबत. दहा-पंधरा मिनिटांत काम जतन करून यंत्र नीट बंद करायचे, तासभर काम रेटायचे नाही. एवढ्या एका पेटीने घरून कामाचा दिवस वाया जात नाही, आणि यजमानांची परत त्या लोकलने धावपळ होत नाही.

पावसाळ्यात यंत्र आठ-आठ दिवस बंद ठेवू नये. रोज अर्धा तास चालवले तर आतली ऊब ओल धरू देत नाही. बंद केल्याबरोबर प्लॅस्टिकचे आवरण घालायची घाई मात्र नको. चालू केल्यावर पंखा फिरतो पण पडदा काळाच, आणि आतून टूं-टूं आवाज येतो, असे बाई लिहितात. हे बहुधा मेमरीच्या पट्टीचे असते. प्लग काढावा, पेटी उघडावी, पट्टी दोन्ही टोकांच्या खिट्ट्या सोडवून काढावी आणि तिची सोनेरी कड शाळकरी पोराच्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसून परत घट्ट बसवावी. वीज पुरवणारा डबा मात्र कधी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. घड्याळ दर वेळी जुनीच तारीख दाखवत असेल आणि बँकेचे पान उघडेनासे झाले असेल, तर आतला नाण्याएवढा सेल संपला आहे. त्यावर २०३२ हा आकडा असतो. घड्याळजीकडेही मिळतो.

धुळीसाठी रंगाचा मऊ, कोरडा ब्रश. ओले फडके नाही म्हणजे नाही!

आणि छंदाविषयी. बाईंचा राग मला कळतो, पण माझे मत थोडे निराळे आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कटकटी ऐकणाऱ्या माणसाला रविवारी न बोलणारे पक्षी बरे वाटत असतील. पण हजारो फोटो त्या एकाच यंत्रात पडून आहेत, आणि त्यातच तुमच्या मुलांच्या बारशाचेही. त्यांची नक्कल वेगळ्या हार्ड डिस्कवर करून घ्या, आणि एक डिस्क माहेरी ठेवा. एकाच घरात दोन प्रती असल्या तर वीज पडली, पाणी शिरले, चोरी झाली, की दोन्ही एकदमच जातात. माहेरी गेलात की जुनी आणायची, नवी ठेवायची.

बाईंनी विचारले आहे, "हे ज्या रानपिंगळ्याच्या मागे लागले आहेत त्यात एवढे काय आहे?" तर सांगते. हा पक्षी १८८४ नंतर कुणाला खात्रीने सापडलाच नव्हता, नामशेष झाला असे धरून चालले होते. १९९७ साली शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला, आणि २०१४ साली तुमच्या तानसा अभयारण्यात. साळुंकीएवढा असतो, आणि घुबडाच्या जातीचा असून दिवसाढवळ्या हिंडतो. आपल्या ओळखीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचे डोके जवळजवळ कोरे. अर्थिंगचे काम उरकले की एखाद्या रविवारी डबा भरून तुम्हीही बरोबर जा, आणि त्याचे डोके नीट पाहून मला कळवा.