वॉक: पिचरचे दान की फलंदाजाची कमाई?

स्ट्राइक झोनबाहेर, म्हणजे होम प्लेटवरच्या ठरावीक पट्ट्याबाहेर, टाकलेल्या आणि फलंदाजाने बॅट न फिरवता सोडलेल्या चेंडूला बेसबॉलमध्ये ‘बॉल’ म्हणतात. तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याआधी असे चार बॉल झाले की फलंदाज आपसूक पहिल्या बेसवर जातो. हाच वॉक. चारचा हा आकडा १८८९ पासून कायम आहे. वॉक ‘ॲट-बॅट’मध्ये, म्हणजे सरासरीसाठी मोजल्या जाणाऱ्या पाळ्यांमध्ये, धरत नाहीत, म्हणून फलंदाजीच्या सरासरीत तो दिसतच नाही.

या हिशेबामागचा पूर्वपक्ष जुना आहे: चूक पिचरची, मग श्रेय फलंदाजाला कशाचे? बॉक्स स्कोअर घडवणारे हेन्री चॅडविक याच मताचे होते. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकालाही हे पटते, कारण वाइडची धाव अवांतरात जाते. पण वाइड हा बहुधा आवाक्याबाहेरचा चेंडू असतो. बॉल मात्र पुष्कळदा झोनला खेटून, मुद्दाम मोह घालण्यासाठीच टाकलेला असतो. तो सोडायला नजर आणि संयम लागतो. शिवाय वॉक हे निव्वळ दान असते, तर त्याच पिचरांसमोर उभ्या राहणाऱ्या सर्व फलंदाजांच्या वाट्याला ते थोड्याफार फरकाने सारखेच आले असते. तसे घडत नाही. टेड विल्यम्सने कारकिर्दीत २,०२१ वॉक मिळवले. तो मारायला कचरत होता म्हणावे, तर त्याच्या नावावर ५२१ होम रन आहेत.

१९५४ मध्ये याच विल्यम्सला जुन्या हिशेबाचा फटका बसला. त्याची सरासरी ०.३४५, बॉबी अविलाची ०.३४१, तरी सर्वाधिक सरासरीचा किताब अविलाला मिळाला. किताबासाठी ४०० ॲट-बॅट लागत, विल्यम्सचे ३८६ भरले होते. १३६ वेळा तो वॉकवर गेला होता. पुढे, १९५७ पासून, ही अट प्लेट अपिअरन्सवर, म्हणजे वॉकसह एकूण पाळ्यांवर, मोजली जाऊ लागली. याच्या उलट टोकही एकदा गाठून झाले होते: १८८७ मध्ये वॉक थेट हिट म्हणून मोजले, सरासऱ्या भलत्याच फुगल्या आणि वर्षभरात तो प्रयोग गुंडाळला. वॉकची योग्य जागा ‘ऑन-बेस परसेंटेज’मध्ये, म्हणजे बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणात, आहे; तिथे वॉकही मोजला जातो आणि हिटशी त्याची गल्लतही होत नाही.

सलग वॉकच्या मालिकांबाबत गोंधळ अधिक आहे, कारण मालिका एका प्रकारच्या नसतात. हिटच्या सलग सामन्यांच्या मालिकेला वॉक पुढे नेत नाही आणि तोडतही नाही. एखाद्या सामन्यात फलंदाजाला फक्त वॉकच मिळाले, तरी ती शाबूत राहते. सॅक्रिफाइस फ्लायने, म्हणजे झेलबाद होऊनही सहकाऱ्याला धाव मिळवून देणाऱ्या फटक्याने, मात्र ती तुटू शकते. बेसवर पोहोचण्याच्या मालिकेत वॉक पूर्ण मोलाचा: १९५७ मध्ये विल्यम्स सलग १६ वेळा बेसवर पोहोचला, त्यांतले नऊ वॉक होते.

दर सामन्यात किमान एक वॉक, अशा मालिकेचा २२ सामन्यांचा विक्रम डेट्रॉइट टायगर्सच्या रॉय कलनबाइनचा, १९४७ मधला. त्या वर्षी त्याची सरासरी अवघी ०.२२४ होती, ऑन-बेस परसेंटेज ०.४०१. १३७ वॉक मिळवूनही हंगामानंतर संघाने त्याला सोडले आणि मेजर लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही. सरासरीपलीकडे न पाहण्याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

तरीही त्या मालिकेतून ‘लय’ सिद्ध होते, हा दावा टिकत नाही. सामन्यात चार संधी धरल्या, तर कलनबाइनच्या त्या वर्षीच्या वेगाने एका सामन्यात वॉक मिळण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के येते. ठरावीक २२ सामने सलग साधण्याची, हजारोंत एक. पण असे प्रयत्न असंख्य खेळाडू दशकानुदशके करत असतात, त्यामुळे कुणाला तरी ते साधते. २००४ मध्ये २३२ वॉक मिळवणाऱ्या बॅरी बाँड्ससाठी हीच शक्यता शंभरात तीनच्या आसपास येते, आणि विक्रम त्याच्याही हाती लागला नाही. कौशल्य हंगामाच्या आकड्यात दिसते. मालिकेत त्याच्या जोडीला नशीबही मोजले जाते.

पिचरच्या बाजूनेही तेच: मालिका मोठी, म्हणून हंगाम मोठा ठरत नाही. १९६२ मध्ये कॅन्सस सिटीच्या बिल फिशरने सलग ८४ पूर्णांक एक तृतीयांश इनिंग्ज एकही वॉक दिला नाही. त्या हंगामात त्याने चार सामने जिंकले आणि बारा हरले.