जळते ते सारेच स्फोटक नव्हे

अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या प्राइस या लहानशा गावातील एका शेतातून २५ एप्रिल २००९ रोजी ‘सॅटर्न-५’ने उड्डाण केले. अर्थात, हे रॉकेट म्हणजे माणसाला चंद्रावर घेऊन जाणारे मूळ यान नव्हते. ती त्याची एक दशांश आकाराची प्रतिकृती होती. मात्र ती दिवाणखान्यातील कपाटात ठेवण्याजोगी नव्हती. तिची उंची ३६ फूट, म्हणजे तीन मजली इमारतीएवढी, तर वजन १,६४८ पौंड, म्हणजे सुमारे ७५० किलो होते. ओहायो राज्यात गाड्यांच्या पत्र्याचे व रंगाचे काम करणाऱ्या स्टीव्ह ईव्ह्ज यांनी हे रॉकेट बांधले होते. ते सुमारे ४,४०० फूट उंच गेले आणि पॅराशूटच्या साह्याने पुन्हा जमिनीवर उतरले.

या उड्डाणाच्या बरोबर चाळीस दिवस आधी, १६ मार्च २००९ रोजी, वॉशिंग्टनमधील संघीय जिल्हा न्यायालयाने एका नऊ वर्षे जुन्या खटल्याचा निकाल दिला होता. हौशी रॉकेटबाजांच्या दोन संघटना विरुद्ध अमेरिकेची स्फोटके नियंत्रण यंत्रणा, असा तो सामना होता. निकाल संघटनांच्या बाजूने लागला. ईव्ह्ज यांची तयारी निकालापूर्वीपासून सुरू होती. त्यामुळे एका घटनेतून दुसरी घडली, असे म्हणता येणार नाही. तथापि, या दोन्ही घटना एकत्र वाचल्या तर एक महत्त्वाचा प्रश्न समोर येतो. धोकादायक वाटणाऱ्या छंदाला शासनाने किती मोकळीक द्यावी आणि ती कोणत्या आधारावर द्यावी? हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. अवकाश क्षेत्र खासगी उद्योगांना खुले करू पाहणाऱ्या भारतालाही तो टाळता येणार नाही.

तळघरातून मैदानात

१९५७ साली सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना रॉकेटचे वेड लागले. धातूच्या नळीत जस्त आणि गंधकाचे मिश्रण ठासून घरच्या घरी रॉकेटे बनविण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यांतून व्हायचे ते अपघात झाले. यावरचा उपाय सापडला तो नेब्रास्कातील नॉरफोक येथे जोड्यांचे दुकान चालविणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांच्याकडे. त्यांनी १९५४ मध्येच कागद आणि हलक्या लाकडाचे एक रॉकेट तयार केले होते. त्यातील मोटार, म्हणजे घन इंधन भरलेली नळी, प्रत्येक उड्डाणानंतर बदलता येत असे. व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र केंद्रावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांना या कल्पनेचे मोल उमगले. त्यांनी १९५७ मध्ये ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ स्थापन केली.

या चळवळीचा पाया एका साध्या तत्त्वावर रचला गेला. हौशी माणसाने इंधन स्वतः कालवायचे नाही; ती जबाबदारी कारखान्याची. व्हर्नन एस्टीस यांनी मोटारी बनविण्याचे यंत्र तयार केले आणि स्वस्त, एकसारख्या मोटारी सर्वत्र मिळू लागल्या. मुलाच्या हातात उरले ते रॉकेटचे अंग बांधणे आणि त्याचे गणित करणे. धोका आणि शिक्षण यांची अशी फारकत केल्यामुळेच हा छंद शाळांत पोहोचला.

पुढे ही मुले मोठी झाली आणि त्यांची रॉकेटेही मोठी झाली. पिट्सबर्गजवळ १९६४ मध्ये शाळकरी मुलांचे मंडळ म्हणून सुरू झालेली ‘ट्रिपोली’ ही संस्था मोठ्या रॉकेटांची राष्ट्रीय संघटना बनली. १९८२ पासून मोठ्या रॉकेटांचे मेळावे भरू लागले. व्ही-२, नाइकी, ब्लॅक ब्रँट अशा खऱ्या रॉकेटांच्या माणसाच्या उंचीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या प्रतिकृतींचे संच बाजारात आले. काचतंतूच्या नळ्या, प्लायवूडची कडी आणि इपॉक्सी यांपासून ती बांधण्यात कित्येक महिने जातात.

अक्षरांची शिडी

या छंदाची शिस्त समजून घेण्यासाठी मोटारींची वर्गवारी पाहावयास हवी. मोटारीचा एकूण आवेग, म्हणजे तिचा रेटा आणि तो टिकण्याचा काळ यांचा गुणाकार, न्यूटन-सेकंदांत मोजतात. ‘ए’ वर्गाची कमाल मर्यादा अडीच न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला ती दुप्पट होते. ‘जी’ वर्ग १६० वर संपतो. त्यापुढील ‘एच’पासून अतिशक्तिशाली रॉकेटांचा प्रांत सुरू होतो.

या प्रांतात प्रवेश करावयाचा तर प्रमाणपत्र लागते. पहिल्या पायरीवर ‘एच’ आणि ‘आय’, दुसरीवर लेखी परीक्षेनंतर ‘जे’ ते ‘एल’ आणि तिसरीवर ‘एम’पासून पुढच्या मोटारी वापरता येतात. तिसऱ्या पायरीच्या उमेदवाराला आपला आराखडा उड्डाणापूर्वी जाणकारांकडून तपासून घ्यावा लागतो. प्रत्येक पायरीवर रॉकेट उडविणे एवढेच पुरेसे नसते. ते सुस्थितीत परत यावे लागते. ताशी २० मैलांहून अधिक वारा असेल तर उड्डाण करता येत नाही. मोटार जितकी मोठी, तितके माणसांनी दूर उभे राहायचे. ‘के’साठी २०० फूट, ‘एम’साठी ५००, तर ‘ओ’साठी १,५०० फूट अंतर ठरलेले आहे.

ईव्ह्ज यांच्या रॉकेटमध्ये ७७ हजार न्यूटन-सेकंदांची एक ‘पी’ मोटार आणि प्रत्येकी १३ हजारांच्या आठ ‘एन’ मोटारी होत्या. ही बेरीज १ लाख ८१ हजार होते. म्हणजे पूर्ण क्षमतेच्या अकराशेहून अधिक ‘जी’ मोटारींएवढी.

शक्ती हा झाला अर्धा भाग. प्रतिकृतीची खरी परीक्षा तिच्या स्थैर्यात असते. मूळ सॅटर्नची इंजिने उड्डाणात दिशा बदलू शकत आणि संगणक त्यांना सतत सावरत असे. त्यामुळे त्याचे पंख आकाराच्या मानाने छोटे असले तरी चालत. हौशी प्रतिकृतीत असा सारथी नसतो. तिचा गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा नाकाच्या बाजूला, किमान एका व्यासाइतका पुढे असावा लागतो. अन्यथा रॉकेट गिरक्या खाते. हे केंद्र शोधण्याची सोपी समीकरणे जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये मांडली आणि आजही ती वापरली जातात. मूळ आकाराशी प्रामाणिक राहायचे आणि तरीही सरळ उडायचे, हा पेच अनेकदा नाकात वजन भरून सोडवावा लागतो.

उतरण्याचे गणित त्याहून अवघड असते. शिखरावर पोहोचताच लहान पॅराशूट आणि जमिनीपासून काहीशे फुटांवर मोठे पॅराशूट उघडावे लागते. हवेच्या दाबावरून उंची ओळखणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र हे काम करते. ते बिघडले तर शेकडो किलो वजन माणसांवर कोसळू शकते. म्हणूनच मोठ्या रॉकेटांत एकमेकांपासून स्वतंत्र अशा दोन यंत्रणा ठेवल्या जातात.

वाद कशाचा होता?

मोठ्या मोटारींत अमोनियम परक्लोरेट हे प्राणवायू पुरविणारे रसायन रबरासारख्या बंधकात मिसळून घट्ट केलेले असते. अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यानुसार, ज्याचा प्रमुख किंवा सामान्य उपयोग स्फोटाद्वारे होतो, ते स्फोटक. नियंत्रण यंत्रणेने या मिश्रणाचा आपल्या स्फोटकांच्या यादीत समावेश केला होता. ६२.५ ग्रॅमपर्यंतच्या इंधनाला सूट होती. त्यावरच्या मोटारींसाठी परवाना, नोंदी आणि साठवणुकीचे विशेष कोठार अशा अटी होत्या. संघटनांनी फेब्रुवारी २००० मध्ये न्यायालयात धाव घेतली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर वातावरण अधिकच गढूळ झाले. २००२ च्या नव्या कायद्याने राज्याच्या हद्दीतील खरेदीलाही परवान्याची अट लागू केली आणि बोटांचे ठसे व पार्श्वभूमीची तपासणी बंधनकारक केली. सिनेटर माइक एन्झी यांनी २००३ मध्ये सवलतीचे विधेयक आणले. पण ते पुढे सरकले नाही.

खटल्याचा गाभा एका शब्दात होता. एखादा पदार्थ नुसता जळतो की ‘डिफ्लग्रेट’ होतो, म्हणजे साध्या जळण्यापेक्षा कितीतरी अधिक वेगाने पेटत जातो? दुसऱ्या प्रकारात मोडला, तर तो स्फोटक ठरविता येत होता. टीएनटीसारख्या स्फोटकातील विस्फोटाची लाट सेकंदाला हजारो मीटर धावते. रॉकेटच्या मोटारीत, नेहमीच्या दाबाखाली, हे मिश्रण सेकंदाला काही मिलिमीटरच्या हिशेबाने जळते. मग या दोहोंतील सीमारेषा नेमकी कोठे आखायची? अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये यावरच बोट ठेवले. यंत्रणेने वेगाचा कोणताही समजण्याजोगा निकष मांडलेला नाही, असे सांगून त्याने प्रकरण परत पाठविले. अखेर २००९ मध्ये न्यायाधीश रेजी वॉल्टन यांनी हे वर्गीकरण मनमानी ठरवून रद्द केले. यंत्रणेने त्यानंतर हे मिश्रण यादीतून वगळले.

भय निराधार नव्हते

तथापि, शासनाची धास्ती सर्वस्वी काल्पनिक होती, असे मानणे चुकीचे ठरेल. नेवाडातील हेंडरसन येथील अमोनियम परक्लोरेटच्या कारखान्यात ४ मे १९८८ रोजी आग लागली आणि पाठोपाठ प्रचंड स्फोट झाले. त्यात दोघांचा मृत्यू झाला आणि साडेतीनशेहून अधिक लोक जखमी झाले. ज्या रसायनाने हा उत्पात घडविला, तेच छंदाच्या मोटारीतील मुख्य द्रव्य आहे. फरक आहे तो स्वरूपाचा आणि प्रमाणाचा. हजारो टन सुटे रसायन एका जागी साठविणे वेगळे आणि काही किलो रसायन रबरात बांधून टाकणे वेगळे. न्यायालयानेही यंत्रणेला भीती बाळगण्यास मनाई केलेली नव्हती. त्याने केवळ भीतीचे मोजमाप मागितले होते.

या निकालाने छंदाला मोकाट सोडले, असाही समज होऊ नये. बंदुकीची काळी दारू स्फोटकच राहिली. इंधनाच्या वाहतुकीवरील बंधने कायम राहिली. मोठ्या उड्डाणांसाठी हवाई वाहतूक प्रशासनाची परवानगी आजही लागते आणि ४०,९६० न्यूटन-सेकंदांच्या पुढे गेल्यास अधिक कठोर छाननी होते. थोडक्यात, कोठारातील मालाऐवजी आकाशातील उड्डाणावर नियंत्रण आले. जिथे खरा धोका आहे तिथेच नियम असावा, हे या बदलाचे सार होय.

नागपूर आणि १८८४

भारतात या विषयाचा मूळ कायदा १८८४ चा आहे. त्यातील स्फोटकाच्या व्याख्येत शोभेच्या दारूबरोबर ‘रॉकेट’ हा शब्द थेट नावानिशी घातलेला आहे. जळण्याचा वेग किती, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय नागपूरला आहे. ब्रिटिशांच्या काळात रॉकेट म्हणजे आतषबाजी किंवा युद्धसामग्री, एवढेच चित्र कायदा करणाऱ्यांसमोर होते. त्यानंतर २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून नाइकी-अपाची उडाले, इस्रो उभी राहिली आणि १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूट या खासगी कंपनीचे ‘विक्रम-एस’ अवकाशाच्या सीमेपर्यंत जाऊन आले. कंपन्यांसाठी दार उघडले. शाळेतील मुलापासून अभियंत्यापर्यंत नेणारी अमेरिकेसारखी शिडी मात्र येथे रूढ झालेली नाही.

त्याचे परिणाम दिसतात. मणिपालच्या विद्यार्थ्यांच्या ‘थ्रस्टएमआयटी’सारखे संघ आपले कौशल्य आजमाविण्यासाठी अमेरिकेतील आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरले. ‘इन-स्पेस’ने विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट स्पर्धा सुरू केली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु स्पर्धा हा वर्षातील एखादा सोहळा असतो. शिडी बारा महिने लागते.

अमेरिकेचे अनुकरण जसेच्या तसे करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. नेवाडाच्या वाळवंटासारखी निर्मनुष्य मैदाने येथे सहज मिळणार नाहीत. दिवाळीत फटाक्यांनी होणाऱ्या दुखापती पाहता, घरगुती इंधनाच्या प्रयोगांना मोकळे रान देणे घातक ठरेल. पण स्टाइन आणि कार्लाइल यांचे मूळ सूत्र नेमके यासाठीच होते. परवानाधारक कारखान्यात बनलेली मोटार, पायरीपायरीने मिळणारे प्रमाणपत्र, ठरवून दिलेली मैदाने आणि उड्डाणावर देखरेख करणारी जबाबदार संघटना, या चार गोष्टी येथेही उभ्या करता येतील. त्यासाठी कायद्यात शिकण्याचे रॉकेट आणि फटाका यांत फरक करणारी, मोजता येईल अशी व्याख्या हवी.

तसे न झाल्यास मुले रॉकेट बनविण्याचे थांबणार नाहीत. ती गच्चीवर आणि गोठ्यामागे, कोणाच्याही देखरेखीविना बनवत राहतील. १९५७ च्या अमेरिकेने हा धडा अपघातांतून घेतला. तो पुन्हा त्याच मार्गाने घेण्याची भारताला गरज नाही.