कातिब गेला, ऑपरेटर आला; आता पुढे?

संगणकामुळे नोकऱ्या जातात की येतात, हा वाद आपण उगाच घालत बसतो. दोन्ही घडतं. विचारायचं ते हे : जे काम गेलं त्याची मजुरी किती होती आणि जे आलं त्याची किती?

उर्दू वाचकांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. नस्तालीकमध्ये अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलतं, शब्द तिरका उतरतो. म्हणून मराठी वर्तमानपत्रं खिळ्यांवर जुळवली जात होती, तेव्हाही उर्दू वर्तमानपत्रं कातिबच हाताने लिहीत. उस्तादाजवळ वर्षानुवर्षं बसून मिळवलेल्या त्या कसबावर घरं चालत. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी हाताने लिहिलेल्या हजारो जोडरूपांवरून संगणकासाठी नूरी नस्तालीक तयार झालं. 1994 मध्ये दिल्लीत इनपेज आलं. कातिबाच्या जागी ऑपरेटर बसला.

काम संपलं नाही, त्याचे दोन तुकडे झाले. एकीकडे संगणकाला लिपी शिकवणारे मोजके जाणकार. दुसरीकडे काही महिन्यांत शिकता येणारं, म्हणूनच स्वस्त, असं टायपिंग. मधला कसबी माणूस गेला.

परभणी, जिंतूर, पाथरीच्या बाजारात आज तेच चाललंय. तहसीलसमोरचा अर्जनवीस मागे पडला, ऑनलाइन फॉर्मची दुकानं आली. एमएस-सीआयटी केलेली आपली मुलं तिथं बसतात. पण सातबारासुद्धा आता शेतकऱ्याच्या मोबाइलवर उतरतो. नुसतं बटण दाबण्याची मजुरी किती दिवस मिळणार?

टिकतं ते वेगळंच. एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘मुहम्मद’, तिसऱ्यावर नुसतं ‘मो.’, अर्ज अडतो तो इथं. कोणता कागद आधी दुरुस्त करायचा, प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं, हे ज्याला कळतं त्याच्या दुकानासमोर रांग लागते. यंत्र त्याच्याकडेही तेच असतं. जास्तीचं असतं ते भाषेचं आणि कायदेकानूनचं ज्ञान.

म्हणून उर्दू शाळांतल्या पालकांना माझं सांगणं आहे. कॉम्प्युटरच्या क्लासची फी भरून मोकळे होऊ नका. मराठीचा तास पास होण्यापुरता समजू नका. ज्या मुलीला उर्दू दाखला वाचता येतो, मराठीत नेमका अर्ज लिहिता येतो आणि हिशेब कळतो, तिच्या हातात संगणक म्हणजे रोजगार. यातलं काहीच येत नसेल, तर तिच्या मजुरीचा दर बाजार ठरवेल, आणि तो दरवर्षी खालीच येईल.