संमेलनांतलें गाणें कोणाचें?

वार्षिक स्नेहसंमेलन जवळ आलें म्हणजे आमच्या सोनईंत काय किंवा तालुक्यांतील दुसऱ्या गांवीं काय, बहुतेक शाळांतून एकच देखावा दृष्टीस पडतो. ध्वनिवर्धकांतून चित्रपटांतलें तयार गाणें लागतें व त्या तालावर मुलें हातपाय हालवितात. गळा दुसऱ्याचा, शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची. आपला म्हणावा तर पोषाख, आणि तोहि बहुधा भाड्याचा! पालकांस हें चालतें. परंतु त्याच घरांतला मुलगा स्वतः चार ओळी जुळवूं लागला, कीं अभ्यास सोडून हें काय आरंभिलेंस म्हणून त्यास दटावण्यांत येतें. हा न्याय मला उलटा वाटतो. तो कां, हें सांगण्यासाठीं मी ज्याचें उदाहरण घेणार आहें, त्याचें नांव ऐकून कांहीं वडीलधारी मंडळी भुंवया चढवितील. त्यांनीं क्षणभर धीर धरावा.

फारोख बलसारा हा पारशी मुलगा ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांजीबार येथें जन्मला. आठ वर्षांच्या सुमारास आईबापांनीं त्यास समुद्रापलीकडून पांचगणीस, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत पाठविलें. मुलास संगीताचें अंग आहे हें मुख्याध्यापकांच्या ध्यानीं आलें, व थोडी अधिक फी भरल्यास त्यास पियानो नीट शिकतां येईल असें त्यांनीं घरीं पत्रानें कळविलें, असें चरित्रकार सांगतात. आईबापांनीं ती भरली. पुढें १९५८ च्या सुमारास पांच मुलांनीं मिळून 'हेक्टिक्स' नांवाचा वाद्यवृंद काढला. गंमत अशी, कीं ज्याच्या कंठाची ख्याति पुढें जगभर झाली तो तेथें मुख्य गायक नव्हता. पियानोवर बसत असे.

इंग्लंडांत गेल्यावर त्यानें फ्रेडी मर्क्युरी हें नांव घेतलें, व १९७० मध्यें निघालेल्या 'क्वीन' या रॉक संगीताच्या वृंदाचा तो गायक झाला. विजेच्या गिटारींचा तो दणदणाट मला फार वेळ सोसत नाहीं, हें मोकळेपणें सांगतों. पण गाणें करण्याची त्याची रीत पाहण्याजोगी आहे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हें त्याचें १९७५ चें गाणें जवळजवळ सहा मिनिटांचें. इतकें लांब गाणें रेडिओवर कोणी लावणार नाहीं असें त्यास सांगण्यांत आलें. पण तें कापण्यास तो कबूल झाला नाहीं. तिघांचेच गळे, पण तेच आवाज फितीवर पुनः पुनः चढवून त्यांनीं मोठा समुदाय गात आहे असा भास निर्माण केला. या एका गाण्यास आठवड्यांमागून आठवडे लागले. आपलीं गाणीं वापरून टाकून देण्यासाठीं आहेत, असें तो मुलाखतींत म्हणत असे. मला हा केवळ विनय वाटतो. टाकून द्यावयाच्या वस्तूस कोणी इतकें घांसत नाहीं.

१३ जुलै १९८५ रोजीं इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठीं लंडनच्या वेम्बली मैदानावर जलसा झाला. वृंदास वेळ मिळाला सुमारें एकवीस मिनिटें, आणि समोर माणसें सत्तर हजारांवर. मध्येंच वाद्यें थांबवून त्यानें नुसता एक आलाप घेतला. लोकांनीं तो परत दिला. पुन्हा घेतला, पुन्हा परत आला. हें आपणांस नवें कां वाटावें? शाहिरामागें झीलकरी असतात, कीर्तनांत सारी सभा नामघोष उचलते. आपल्याच नेवाशांत १२९० मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तींत समोरच्या श्रोत्यांस किती वेळां विनविलें आहे पाहा! आणि नगरास रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं आपल्या मंडळीसाठीं अभंग-भजनांच्या वळणाचीं गीतें रचिलीं, कारण परक्या चालींवर बसविलेलीं भाषांतरें लोकांच्या जिवास लागत नाहींत हें त्यांस उमगलें होतें.

आतां पालकांचा आक्षेप. हा मनुष्य २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं एड्सनें वारला. अशाचें उदाहरण मुलांपुढें कशाला? त्याच्यासारखें राहावें असें मी म्हणत नाहीं. पण आजाऱ्याकडे बोट दाखवावयास आपण मुलांस शिकवितों काय? मरणाच्या आदल्या दिवसापर्यंत त्यानें आपला रोग जगापासून लपविला, त्यांत त्या बोटांचें भय कितीसें असेल, याचाहि विचार व्हावा. शरीर खंगलें असतां त्याच वर्षीं तो गातच होता. तेव्हां मुद्रित केलेलीं कांहीं गीतें १९९५ मध्यें, तो गेल्यावर प्रसिद्ध झालीं.

माझी मागणी लहान आहे. पुढील संमेलनांत अर्धा तास मुलांनीं स्वतः रचिलेल्या गाण्यांस द्यावा. एक पेटी व एक ढोलकी पुरे. विषय काय थोडे आहेत? मुळेच्या पाटाचें पाणी, ऊसतोडणीच्या गाड्या, शिंगणापुरच्या वाटेवरील गर्दी, पावसानें दिलेली ओढ. यमकें ओढाताणीचीं असतील, एखादी चाल मध्येंच मोडेलहि. ती मोडल्यास पुढल्या रांगेंतील मंडळींनीं एकमेकांकडे पाहून हंसूं नये, एवढी विनंति मी आगाऊच करून ठेवितों. आणि ज्यांस पेटी वाजवितां येते अशा पालकांनीं तालमीस शनिवारीं शाळेंत यावें.