पेल्यावर अनामत

क्रीडाप्रेमी या प्राण्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. खेळाडू घाम गाळतो, पंच शिव्या खातो आणि हा नुसता चहा पितो. प्यावा, माझी हरकत नाही. पण चहा संपला की हातातला कागदी कप चुरगाळून हा तिथेच टाकतो. आमच्या ढोकीत कबड्डी असो की जत्रेतल्या कुस्त्या, दुसऱ्या दिवशी मैदान पाहिले तर सामना दोन संघांत झाला की दोन टपऱ्यांत, हे सांगता येत नाही.

"कागदच तर आहे हो, कुजेल!" असे आमचे एक शेजारी म्हणतात. अहो, नुसत्या कागदात चहा टिकला असता का? आत प्लॅस्टिकचे पातळ अस्तर असते, ते कुजत नाही. शेजारीच तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनांच्या काळातली मातीची भांडी मांडली आहेत. आणखी दोन हजार वर्षांनी कोणी ढोकी खणली, तर आमच्या संस्कृतीचे अस्तर तेवढे हाती लागेल.

सरकारने हात जोडून पाहिले, दंडही लावून पाहिला. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे पेले बंद झाले. प्लॅस्टिकने वरून कागदाचा सदरा चढवला आणि ते पुन्हा टपरीवर हजर झाले.

एका चहावाल्याला मी म्हटले, "काचेचे पेले ठेवा की."

"सायेब, गर्दीत गिलास इसळीत कोण बसंल? अन् निम्मे गिलास लोकं घरी न्येत्यात. त्यापरीस कप सस्ता पडतोय."

मी बी.कॉम. असल्यामुळे हे 'सस्ता' मला खटकले. कप स्वस्त पडतो, कारण त्याचा अर्धाच खर्च चहावाल्याच्या वहीत चढतो. उरलेला मैदानाच्या नावे पडतो. शाळेची पोरे ते कप वेचतात, शेळ्या चघळतात आणि खो-खोच्या मुली त्यांतच सूर मारतात. ज्या जिल्ह्यातून सारिका काळेने खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला, तिथल्या मुलींनी आमच्या उष्ट्या कपांवर घसरायचे आणि आम्ही स्वतःला क्रीडाप्रेमी म्हणवायचे!

उपाय साधा आहे. स्टीलचा पेला आणि त्यावर वीस रुपये अनामत. पेला परत, पैसे परत. काउंटरवर बसून मला माणूस जेवढा कळला त्यावरून सांगतो, भिंतीवरचा सुविचार तो वाचत नाही. स्वतःचे वीस रुपये मात्र सोडत नाही. गोटीसोड्याची रिकामी बाटली आपण इमानाने परत करत होतो, ते काही पर्यावरणाच्या प्रेमापोटी नव्हे. जर्मनीत फुटबॉलच्या मैदानांवर अनामतीचे पेले चालतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही दोन युरो अनामत ठेवून पेला मिळत होता. मात्र त्यात पेय बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकच्या बाटलीतूनच ओतले जात होते, म्हणून टीकाही झाली. उपासाच्या खिचडीवर मिसळीची तर्री ओतावी, तसा प्रकार! आपण निदान किटलीतून ओतू.

"पण पाणी?" हा आक्षेप मात्र खरा. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ती आमच्याच लायनीवरून. पाण्याची किंमत आम्हाला कोणी शिकवू नये. पण पेले नळाखाली धरा असे कोण म्हणतो? एक बादली साबणाची, दोन विसळायच्या, आणि ते पाणी मैदानाकडेच्या लिंबाला. बाटलीतले दोन घोट पिऊन बाकीचे मातीत लवंडणारा गृहस्थ मला पाणी वाचवण्याविषयी ऐकवतो, तेव्हा माझाच चहा सांडतो.

येत्या जत्रेला कमिटीने दोनशे पेले घ्यावेत. पैशांचे काय, असे विचारू नका. शेवटच्या कुस्तीला देणगीदार मिळतो, तसा पेल्यांनाही मिळेल. फक्त त्याचे नाव प्रत्येक पेल्यावर ठसठशीत कोरले पाहिजे. पुढाऱ्याचे नाव असलेला पेला कोणी पायदळी तुडवणार नाही, निदान निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत.